अकरा ओळींखाली

ब्लफमध्ये वारा सुट्टी घेत नाही.
रग्बी क्लबच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी,
खिडकीच्या फटीत आम्ही उरलेली लोकर कोंबतो
आणि हीटरभोवती खुर्च्या ओढून बसतो,
पाचजणी आणि मर्डो.

मर्डोने चाळीस वर्षं कालवं उघडली.
डाव्या तळव्यावर सुरीचा व्रण अजून पांढरा.
त्याला फक्त टोपरी येतात,
पण अशी, की संत्र्यावर चढवून बघावं
आणि संत्रं आता रडेल असं वाटावं.

इनव्हरकार्गिलच्या इस्पितळातून यादी येते:
वेळेआधी आलेल्यांची वेगळी, जुळ्यांची वेगळी,
बटणं नकोत, बंद हवेत, नळ्यांना वाट हवी.
न पाहिलेली बाळं
आम्ही सेंटिमीटरवरून ओळखतो.

आणि डल्सी.
डल्सी मॅक्रॉरी, पोस्टातून निवृत्त,
टपाल तपासावं तसं आमचं विणकाम तपासायची.
चष्मा कपाळावरून खाली, बोट टाक्यांवरून पुढे,
सुलट, सुलट, उलट, सुलट, थांब.
"राविनिया, इथला टाका कुणाला दिलास?"
आणि आमच्यादेखत आमची अख्खी संध्याकाळ
सर्रकन उसवायची.
लोसा एकदा तिला सामोअन भाषेत काहीतरी म्हणाली.
अर्थ आम्ही विचारला नाही. डल्सीनेही नाही.
मी तर दोन महिने आलेच नव्हते.
घरी बसून विणलं, मुद्दाम चुका ठेवल्या,
आणि रात्री उठून स्वतःच उसवल्या.

मे महिन्यात डल्सी गेली.
तिचा पुतण्या पिशवी ठेवून गेला:
लिंबाच्या सालीच्या रंगाची लोकर,
सुयांवर झबलं, पाठ पूर्ण, पुढची बाजू अर्धी.
राविनियाने ते उजेडाकडे धरलं.
बराच वेळ धरलं.
मग बोटाने दाखवलं.
अकरा ओळींखाली, काखेशेजारी,
एक टाका सुटलेला.

आधी लोसाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.
हसता हसता बेरिल रडायला लागली. ती तशीही रडते.

राहू द्या, म्हणाली बेरिल, तिची आठवण.
आठवण बाळाने काय करायची, म्हणाली लोसा,
करंगळी अडकेल त्यात.
क्रोशाच्या सुईने वर उचलता येईल, मी म्हटलं,
कळणारसुद्धा नाही कुणाला.
"तिला कळेल,"
मर्डो म्हणाला, टोपऱ्यातून मान वर न काढता.

तेव्हा राविनियानेच सुई काढली.
जिचं सर्वांत जास्त उसवलं गेलं तिने
धागा ओढला, हळूहळू,
आणि डल्सीच्या घट्ट टाक्यांमधून लोकर
कुरकुरत सुटत गेली,
शेवटच्या ओळीपासून मागे मागे,
इस्पितळातला रविवार, शनिवार,
हात थरथरला असणार
तो कुठलातरी दिवस.
आम्ही मोठ्याने मोजत होतो. अकरा.

उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही.
टाक्याटाक्याचं वळण धरून बसते.
वाफ देऊ का, मी विचारलं.
नको, म्हणाली,
आणि त्याच कुरळ्या धाग्याने पुढे विणू लागली
आपल्या त्या सैल हाताने.
हात बदलला तिथे रेघ दिसते:
खाली आवळलेलं, वर मोकळं.
छाती दीड सेंटिमीटरने वाढली.
त्या मापाचं बाळ यादीत नव्हतं.
होईल की, म्हणाली लोसा.

वहीत मी लिहिलं: झबलं, पिवळं, एक.
विणणारीच्या रकान्यात दोन नावं मावेनात,
तर दुसरं समासात.
मर्डोने बंद लावले, खोकं बांधलं,
मग संत्र्यावरचं टोपरं काढून
संत्रं सोललं
आणि फोडी वाटल्या. एक फोड उरली.
ती बराच वेळ
हीटरवर तशीच होती.